धास्ती आणि धसका

ऑक्टोबर २०१८. दसऱ्याच्या सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यात एक वाघ आला. हा सगळा सपाट, काळ्या मातीचा, कापूस-तुरी-सोयाबीनचा मुलूख. इथल्या माणसाला वाघ पाहायचा तर तो मेळघाटात जातो, नाहीतर ताडोब्याला. आपल्याच वावरात वाघ येईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यातून निघालेला हा नर मजल दरमजल करत इथवर पोचला होता. मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगी या गावांच्या शिवारात काही दिवसांच्या अंतराने त्याने दोन माणसांचा बळी घेतला. मग तो उत्तरेकडे सरकला, सातपुड्याच्या रांगांतून मध्य प्रदेशात शिरला आणि डिसेंबरात बैतूल जिल्ह्यात सारणीजवळ त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आलं.

अशा दिवसांत गावच्या पारावर जे बोलणं चालतं, ते साधारण असं असतं :

"कोनं पाह्यला रे वाघ?"

"कोनी नाई पाह्यला, मावशी. पन हाये म्हन्तेत."

"कुठीसा?"

"तेच तं मालूम नाई नं."

बोंडं फुटलेली असतात, कापूस वेचायला आलेला असतो, पण पऱ्हाटीत पाय टाकायला बाई तयार नसते. तूर डोक्याच्या वर गेलेली. तिच्या ओळींत दहा हातांवरचं दिसत नाही. वारा आला आणि तूर हलली तरी काळजात धस्स होतं. हे झालं बहुसंख्यांचं भय. त्याच गावात, त्याच दिवशी, मोजक्या माणसांचं दुसरंच भय असतं. रात्र झाली तरी माणूस घरी आला नाही म्हणून बॅटऱ्या घेऊन शोधायला गेलेले चार-सहा जण. त्यांना जे सापडलं ते त्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना 'कुठे असेल' हा प्रश्न उरलेला नसतो. ते जेवत नाहीत, फारसं बोलत नाहीत, आणि डोळे मिटले की तेच पुढे येतं.

पहिल्या भयाला या प्रकरणात आपण धास्ती म्हणू, दुसऱ्याला धसका. धास्ती घडण्याच्या आधीची, धसका पाहिल्यानंतरचा. धास्तीत काय होईल हे माहीत नसतं. धसक्यात काय झालं हे नको इतकं माहीत असतं. दोन्ही प्रसंगी आपण माणसाच्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य म्हणतो : "घाबरू नको." पण दोन्ही भयं शरीरात वेगळ्या वाटेने जातात, मनात वेगळ्या जागी राहतात आणि त्यांचा उताराही वेगळा आहे. तो फरक ओळखला नाही, तर भ्यालेल्या माणसाला आपण मदत करायला जातो आणि त्याचं ओझं वाढवून येतो.

कुंडिनपूरचा माधव

याच पट्ट्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. विदर्भाची प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचं माहेर म्हणून ते ओळखलं जातं. आषाढीला तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. संस्कृत नाटककार भवभूतीच्या 'मालतीमाधव' या दहा अंकी नाटकाचा नायक माधव याच कुंडिनपूरचा, विदर्भराजाच्या मंत्र्याचा मुलगा. भवभूती आठव्या शतकातला, आणि त्याचं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं. हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं गाव, असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं आहे. भयाच्या दोन जातींचा सगळ्यात बारीक अभ्यास जर कोणी वैदर्भीय माणसाने मांडला असेल, तर तो या नाटकाच्या पाचव्या अंकात.

प्रसंग असा. माधवाची प्रेयसी मालती हिचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं. माधवाला काही मार्ग दिसत नाही. तो रात्री स्मशानात जातो आणि हातात नरमांस घेऊन पिशाच्चांना विकत घ्या म्हणून पुकारतो. त्यांच्या कृपेने तरी काम होईल ही आशा. भोवती जे चाललं आहे ते भवभूती हात राखून लिहीत नाही. पिशाच्चं प्रेतं सोलत आहेत, मांस खात आहेत, हाडांच्या सांध्यातलं उरलंसुरलं ओरपत आहेत. माधव हे सगळं पाहतो, त्याचं वर्णन करतो आणि उभा राहतो. पाय डळमळत नाहीत.

आणि मग अंधारातून, कराला देवीच्या देवळाच्या बाजूने, एक किंकाळी येते. आवाज ओळखीचा वाटतो. एवढंच. दिसत काहीच नाही. पण प्रेतांमध्ये निश्चल उभा असलेला हाच माणूस आता थरथरतो. काळीज आत फाटल्यासारखं होतं, अंग ताठरतं, पाऊल अडखळतं. देवळात अघोरघंट नावाचा कापालिक मालतीचा बळी द्यायच्या तयारीत आहे, हे त्याला अजून माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच तो थरथरतो. माहीत झाल्यावर तो धावतो आणि तिला सोडवतो.

एकाच अंकात, एकाच माणसाच्या अंगावर भवभूतीने दोन्ही भयं उतरवली आणि त्यांतलं कोणतं कुठे डसतं हे दाखवून दिलं. त्याच्या मागे भरताच्या नाट्यशास्त्राची परंपरा होती. भरताने 'भय' आणि 'जुगुप्सा' हे दोन वेगळे स्थायीभाव धरले आणि त्यांतून भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस सांगितले. भयानकाची कारणं म्हणून तो विचित्र आवाज, कोल्हा-घुबडांची ओरड, ओसाड घर आणि अरण्य यांची नावं घेतो. या यादीत नजरेला स्पष्ट दिसणारं फार थोडं आहे. बरंचसं कानावर येणारं आणि रिकाम्या जागेत असणारं आहे. बीभत्साची शरीरावरची खूण सांगताना मात्र तो सगळं अंग आक्रसून घेणं, तोंड वेडंवाकडं होणं, थुंकणं, ओकारी असं लिहितो.

पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाश'मध्ये या दोन रसांची उदाहरणं निवडली. बीभत्सासाठी त्याने भवभूतीच्या याच स्मशानातला पिशाच्चाचा श्लोक घेतला. भयानकासाठी त्याने कालिदासाच्या शाकुंतलातलं पळणारं हरीण घेतलं. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे. हरीण मान वळवून वळवून मागे पाहतं, बाणाच्या भीतीने मागचं अंग पुढच्या अंगात ओढून घेतं, धापेने उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेलं गवत वाटेवर सांडत जातं. बाण अजून सुटलेला नाही. हरणाचं शरीर मात्र तो लागल्यासारखं वागत आहे. धास्तीची याहून नेमकी व्याख्या सापडणार नाही.

सातासमुद्रापार, या परंपरेचा वाराही न लागलेली एक बाई याच ठिकाणी येऊन पोचली. ॲन रॅडक्लिफ ही इंग्लंडमधली भयकादंबऱ्या लिहिणारी लेखिका. तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १८२६ साली, तिचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात तिने म्हटलं की एक भय असं असतं ज्याने मन फैलावतं आणि सगळ्या शक्ती जाग्या होतात. दुसरं असं असतं ज्याने मन आक्रसतं, गोठतं, जवळजवळ नाहीसं होतं. पहिल्याचं मूळ तिने धूसरतेत पाहिलं. भरताचं आक्रसलेलं अंग आणि रॅडक्लिफचं आक्रसलेलं मन यांच्यामध्ये दीड हजार वर्षांहून अधिक अंतर आहे, पण निरीक्षण एकच आहे.

न दिसणाऱ्याचं भेव

आता रब्बीच्या हंगामात वऱ्हाडातल्या कोणत्याही शिवारात चला. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं आहे. कृषिपंपाची लाइन पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रीची पाळी असली की शेतकरी अकरा-बाराला घरून निघतो. पायात गमबूट, कानाला मफलर, हातात बॅटरी आणि काठी. पांदणीतून जाताना बॅटरीचा उजेड पडतो तेवढंच जग असतं. मोटर सुरू करून तो दांडाने धुऱ्यापर्यंत जातो आणि बारं फोडतो. पाणी भेगांत शिरतं तसं उंदीर बाहेर येतात, आणि उंदरांमागे काय येतं हे त्याला ठाऊक असतं. नाग, मण्यार, घोणस. ओल्या मातीत पाऊल टाकण्याआधी तो काठी आपटतो. पलीकडे खसखस झाली : डुक्कर असेल. की दुसरं काही?

या क्षणी त्याच्या शरीरात जे चालतं ते हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १९१५ साली सविस्तर मांडलं. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, पचन थांबतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. पळायचं किंवा भिडायचं, दोन्हींची तयारी एकदम होते. कान इतके तिखट होतात की एरवी ऐकू न येणारा पाण्याचा झुळझुळाटही वेगळा कळतो. रॅडक्लिफ ज्याला मनाच्या शक्ती जाग्या होणं म्हणते ते हेच. धास्ती माणसाला दुबळं करते असं आपण समजतो. खरं तर ती त्याला जास्तीत जास्त सावध करते. तिची किंमत एवढीच की ती फार वेळ पेलवत नाही.

ती कशाने वाढते, याचं उत्तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली एका प्रयोगातून दिलं, आणि तो प्रयोग आपल्या शेतकऱ्याला सहज कळेल असा आहे. ४५ जणांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवले. दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा चटका. सापाची शक्यता मुद्दाम कमीजास्त केली जात होती. घाम आणि बाहुलीचा आकार यांवरून ताण मोजला. चटका बसणारच हे नक्की असताना जितका ताण होता, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना होता. साप नक्की आहे, हे माणूस सोसतो. असेल किंवा नसेल, हे त्याला सोसवत नाही.

चकव्याची गोष्ट हीच. वऱ्हाडात म्हातारी माणसं अजून सांगतात : अमुक वावराजवळ चकवा लागते. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तर त्याच विहिरीपाशी. चकव्यात कोणी दिसत नाही, कोणी हात लावत नाही. वाट सापडत नाही, एवढंच भय. जर्मनीतल्या यान सौमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ साली माणसांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा माग काढला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ चालली. आभाळ झाकोळलं की ती नकळत वळत गेली आणि आपल्याच वाटेला येऊन मिळाली. डोळे बांधून मैदानात सोडलेली माणसं तर कधी कधी २० मीटरहून लहान वर्तुळात फिरत होती आणि आपण सरळ चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. म्हणजे चकवा लागला असं सांगणारा माणूस खोटं बोलत नव्हता. तो खरोखर गोल फिरला होता. भूत नव्हतं, पण अनुभव खरा होता. "बसून घे, उजाडू दे," हा जाणत्यांचा सल्लाही शास्त्राला धरूनच आहे.

धास्ती न दिसणाऱ्यावर जगते, म्हणून तिच्यात एक ओढही असते. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला. तिथे बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग लोकांना पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसू देतो. त्या रात्रीसाठी अमरावती, अकोल्याची माणसं आधीपासून नाव नोंदवतात. चांदण्यात पाणवठा चमकत असतो. दूरवर सांबर भुंकतं, मग वानर खाकरतं, मग सगळं चिडीचूप. वाघ बहुतेकांना दिसत नाही. तरी घरी आल्यावर ती रात्र वर्षभर सांगितली जाते. मचाण उंच आहे, सोबत वनरक्षक आहे, सकाळ होणार आहे, एवढी हमी असली की धास्तीचा थरार होतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा पांघरुणात शिरून वाचणाऱ्या पिढ्यांना हा थरार चांगला माहीत आहे. धसक्याला असा कोणी हौसेने जात नाही.

पाहिल्यानंतर

९ एप्रिल २०२३, रविवारची संध्याकाळ. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या पारस गावी बाबूजी महाराज मंदिरात भाविक जमलेले होते. वादळ आलं, पाऊस कोसळू लागला, आणि माणसं आडोशाला म्हणून टिनाच्या शेडखाली दाटीवाटीने उभी राहिली. शेजारचा जुना प्रचंड कडुनिंब मुळासकट उन्मळून त्या शेडवर पडला. ७ जणांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. इथे धास्तीला जागाच नव्हती. ज्या झाडाच्या सावलीची सवय होती, ज्या शेडने पावसापासून वाचवायचं, तिनेच घात केला. आधी भीती नाही, आणि नंतर एकदम सगळं समोर. अशा घटनेत वाचलेल्याला उरतो तो निव्वळ धसका.

धसक्यात शरीर पळण्याची तयारी करत नाही. पळायचं कशापासून? झालं ते होऊन गेलं. छिन्न शरीर, रक्त, ओळखीच्या माणसाची अनोळखी झालेली काया दिसली की अनेकांना मळमळतं, घाम थंड फुटतो, हातपाय गळतात. काहींची नाडी मंदावते, रक्तदाब एकाएकी उतरतो आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. रक्त पाहून चक्कर येणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो. पण भित्र्याची नाडी वेगाने पळते, याची मंदावते. ही शरीराची वेगळी प्रतिक्रिया आहे, धैर्याशी तिचा संबंध नाही. रानात वाघाच्या वाटेवर न डगमगणारा माणूस अपघाताच्या ठिकाणी घेरी येऊन पडू शकतो.

मनाचंही तसंच. धास्ती पुढे पाहते : पुढच्या वळणावर काय? धसका मागे पाहतो, आणि तोही एकाच चित्राकडे. ते चित्र बोलावलं नसताना येतं. वास आला, तसाच आवाज झाला, की येतं. त्यात कारण नसतं, क्रम नसतो, बहुधा शब्दही नसतात. म्हणून धसका बसलेला माणूस सांगू शकत नाही. तो लपवत असतो असं नाही. त्याच्याजवळ सांगण्याजोगी गोष्टच अजून तयार झालेली नसते.

भरताने एक वाक्य लिहून ठेवलं आहे ज्याकडे फारसं लक्ष जात नाही. कोणत्या रसातून कोणता रस उपजतो हे सांगताना त्याने बीभत्सापासून भयानक उपजतो असं म्हटलं. माणसाच्या आयुष्यात ते अक्षरशः खरं होतं. एकदा पाहिलं की मग न पाहिलेल्याचं भेव सुरू होतं. ज्याने वावरात ते पाहिलं, त्याला पुढे तूर हलली तरी पुरे. पारसला शेडखाली असलेल्या माणसाला पुढच्या पावसाळ्यात वारा सुटला की काय होत असेल, हे सांगायला नको. धसका धास्तीला जन्म देतो आणि ती धास्ती वर्षानुवर्षं टिकते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट राज्यात सगळ्यात आधी जिथे उसळली, त्यांत अमरावती आणि अकोला होते. दोन्हीकडे पुन्हा टाळेबंदी लागली. त्या दिवसांत घरोघरी दोन्ही भयं नांदली. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंतची रात्र ही धास्ती. रुग्णालयातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आलेलं आपलं माणूस, ज्याचं तोंडही नीट पाहता आलं नाही, हा धसका. रिपोर्टची धास्ती आज कोणाला आठवतही नाही. दुसरं अजून आहे.

धास्ती आंधळी झाली की

आता उलटा प्रवास. धास्तीतूनही धसका उपजतो, आणि तो माणसं एकमेकांना देतात.

न दिसणाऱ्याचं भय सोसवत नाही म्हणून माणूस त्याला चेहरा शोधतो. मूल आजारी आहे, पोट फुगलं आहे, कारण कळत नाही, दवाखाना लांब आहे. मेळघाटातल्या काही पाड्यांत अशा वेळी तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. आरोग्य खातं आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षं त्याविरुद्ध सांगत आले आहेत, तरी अशा घटना अधूनमधून उघडकीला येतात. चटके देणाऱ्या आईबापांच्या मनात क्रौर्य नसतं. काहीतरी वाईट येतं आहे आणि आपल्याला दिसत नाही, ही धास्ती असते. तिच्यावर तोडगा म्हणून जे केलं जातं, ते पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणतं.

गावात लागोपाठ दोन-तीन मरणं झाली, गुरं दगावली, की कुठल्यातरी एकट्या म्हाताऱ्या बाईकडे बोट जातं. "तिनंच केलं." न दिसणाऱ्याला नाव मिळालं. गावाची धास्ती तेवढ्यापुरती उतरते, कारण निम्म्या-निम्म्या शक्यतेच्या जागी आता खात्री आली. खोटी का होईना. आणि त्या बाईच्या वाट्याला जे येतं ते आयुष्यभराचा धसका असतो, जगली तर. म्हणून अंधश्रद्धेला नुसतं अज्ञान म्हणून चालत नाही. ती धास्ती संपवण्याची चुकीची, दुसऱ्याच्या जिवावरची वाट आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हे फार लवकर ओळखलं होतं. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे बकरं आणि दारू न करता त्यांनी गोड जेवण घातलं, तेव्हा जातभाई चिडले. देव कोपेल ही धास्ती होती. पुढे आयुष्यभर त्यांनी वऱ्हाडी बोलीत कीर्तनं केली. त्यांची रीत प्रश्नाची. देव बोकड मागतो हे कोणी पाहिलं, कोणी ऐकलं, असं ते समोरच्या माणसाकडूनच काढून घेत. उत्तर देता देता श्रोत्याचं भय त्याच्याच हातून सुटत जाई. भिऊ नका असं बजावून धास्ती जात नाही. काय आहे ते पाहायला लावलं की जाते, हे त्यांना कळलं होतं. त्यांच्या हातातला खराटा दुसऱ्या बाजूचं काम करत होता. ज्या घाणीची, ज्या रोगाची, ज्या माणसांची लोकांना शिसारी येई, तिथे ते स्वतः हात घालत.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, आणि त्यानंतर नरबळी, अमानुष प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात त्याच वर्षी आला. देशातल्या अशा पहिल्या कायद्यांपैकी तो एक. भवभूतीच्या अघोरघंटासारख्यांसाठी वेगळा कायदा यायला जवळजवळ साडेबाराशे वर्षं लागली. कायदा गुन्हा झाल्यावर शिक्षा देतो. गुन्ह्याआधीची धास्ती उतरवणं मात्र रस्ता, दवाखाना, वीज आणि शेजार यांनाच जमतं.

दोन भयं, दोन उतारे

धास्तीला तीन गोष्टी लागतात : माहिती, उजेड आणि सोबत. वाघ कुठे आहे, कोणी पाहिला, ठसे कुठे मिळाले हे रोज संध्याकाळी गावाला सांगितलं, तर निम्मी धास्ती जाते; वाघ तेवढाच लांब किंवा जवळ असला तरी. रात्री पाण्यावर जाणाऱ्याबरोबर दुसरा माणूस असला, गमबूट असले, सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं हे माहीत असलं, की धास्ती आवाक्यात राहते. आणि दिवसा वीज मिळाली तर ती उरतच नाही. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्याकडे केवळ पिकाच्या हिशेबाने पाहू नये. रात्रीचं पाणी बंद होणं म्हणजे लाखो माणसांच्या छातीवरचं दगडाएवढं भय कमी होणं.

धसक्याला यातलं काही लागू पडत नाही. ज्याने पाहिलं आहे त्याला आणखी माहिती नको असते. त्याला लागतं पाणी, अंगावर पांघरूण, ओळखीचं माणूस जवळ, आणि गप्प बसण्याची मुभा. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली आपत्तीत काम करणाऱ्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की काय झालं ते सांगायची कोणावर बळजबरी करू नये. सांगेल तेव्हा ऐकावं, आणि गरजेच्या गोष्टींशी त्याची गाठ घालून द्यावी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दारावर येणारा प्रत्येक जण विचारतो, "कसं झालं जी?" आणि घरच्या बाईला तेच चित्र दिवसातून वीस वेळा पाहायला लावतो. त्याहून वाईट म्हणजे मोबाइलवरचे फोटो. जो तिथे नव्हता त्यालाही आपण धसका वाटत फिरतो. असा फोटो आला तर तो पुढे न पाठवणं हीसुद्धा सेवा आहे.

महिना उलटला तरी चित्र हटत नसेल, झोप नसेल, माणूस त्या जागेकडे जायचंच टाळत असेल, तर डॉक्टरकडे जावं. धसक्यावर उपचार आहेत आणि ते गुण देतात.

शेवटी एका धास्तीबद्दल, जी वऱ्हाडात घरोघरी ओळखीची आहे. अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांची सरकारी नोंद २००१ पासून ठेवली जाते आहे. त्या नोंदीतल्या प्रत्येक ओळीमागे एक धसका आहे. पण बहुतेक घरांत त्याच्या आधी एक धास्तीही होती. डबा न उघडता परत आला. माणूस चार दिवस कोणाशी बोलला नाही. उधारीचा विषय निघाला की उठून गेला. बायकोच्या, आईच्या मनात काहीतरी खुपत होतं, आणि ती म्हणाली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "कायले उगाच भेतं तू?"

धसक्याच्या वेळी आपल्या हातात फार थोडं उरतं. धास्तीच्या वेळी वेळ असतो. म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे : घरातलं कोणी "मले भेव लागते" म्हणालं, तर हसू नका आणि "घाबरू नको" म्हणून मोकळे होऊ नका. कशाचं ते विचारा आणि त्याच्याबरोबर उठून पाहायला जा. ज्या माणसाची काळजी वाटते त्याच्याशी आजच बोला. आपल्याला जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.